८,६४० रुपयांचं ‘ऑरगॅनिक’: नेरूळच्या एका घराच्या किराणा यादीचा अभ्यास

नेरूळमधलं चार माणसांचं घर. आजी, नोकरी करणारे नवरा-बायको आणि दुसरीतली मुलगी. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर फवारणीचा एक व्हिडिओ फिरला आणि जानेवारीपासून घरात सगळंच ऑरगॅनिक आणायचं ठरलं. एप्रिल-मेपर्यंत तीन तक्रारी उभ्या राहिल्या. महिन्याचा खर्च हाताबाहेर गेला, डाळ-तांदळात किडे झाले आणि आणलेला माल खरंच ऑरगॅनिक आहे का, हे घरात कुणालाच सांगता येईना.

किडे हे मालाच्या शुद्धतेचं लक्षण आहे, असं भाजीवाल्याने पटवलं होतं. आजींना ते अजिबात पटलेलं नव्हतं. त्या का बरोबर होत्या ते पुढे येईलच. आधी पैसे बघू, कारण या प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

जानेवारीआधीचं आणि नंतरचं बिल शेजारी ठेवलं की महिन्याला ८,६४० रुपये जास्त जाताना दिसतात. ते कुठे जातात ते असं: तांदूळ ६ किलो, गहू ८ किलो, ज्वारी ३ किलो, तूरडाळ अडीच किलो आणि इतर डाळी-कडधान्यं ३ किलो, या सगळ्यावर मिळून फक्त १,१७० रुपये जास्त. गूळ आणि मसाल्यांवर २४०. तीन लिटर तेल आणि किलोभर तुपावर १,६२०. उरलेले ५,६१० रुपये दूध, भाजी आणि फळांवर. त्यात रोजच्या दीड लिटर दुधाचे २,२५०, चोवीस किलो भाजीचे १,६८० आणि बारा किलो फळांचेही १,६८०.

म्हणजे ज्या मालाचं पाकीट, बॅच नंबर आणि प्रमाणपत्र तपासता येतं त्यावर खर्च वाढला जेमतेम हजार-बाराशेने. ज्या मालाला कागद नाही, नुसता शब्द आहे, तिथे साडेपाच हजार. ऑरगॅनिकच्या खरेदीत जादा पैसे आपण चवीचे किंवा रंगाचे देत नाही. शेतात काय वापरलं आणि माल वाटेत बदलला नाही ना, याची कुणीतरी ठेवलेली नोंद विकत घेतो. नोंदच नसेल तर ते पैसे कशाचे?

पाकिटं उलटून पाहिली तेव्हा

स्वयंपाकघरातली पाच पाकिटं ओट्यावर घेऊन मागची बाजू वाचली, तर निकाल असा लागला.

तूरडाळ चोख निघाली. पाकिटावर सेंद्रिय मालाची दोन सरकारी चिन्हं, ‘जैविक भारत’ आणि शेजारी ‘इंडिया ऑरगॅनिक’, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, प्रमाणन संस्थेचं नाव आणि ‘एनपीओपी/एनएबी’ने सुरू होणारा तिचा मान्यता क्रमांक. शिवाय बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख. सेंद्रिय अन्नाबद्दलचे एफएसएसएआयचे नियम २०१७चे आहेत. विकणाऱ्याला ‘ऑरगॅनिक’ म्हणायचं तर माल दोनपैकी एका व्यवस्थेतून आलेला हवा. पहिली एनपीओपी, म्हणजे केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाचा २००१ सालचा कार्यक्रम. तो अपेडा ही शेतमाल निर्यातीसाठीची सरकारी संस्था चालवते आणि त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेतं तपासतो.

तांदळावर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ होतं. घरच्यांनी हिरवं चिन्ह पाहून ते पूर्ण ऑरगॅनिक मानलं होतं. ‘ग्रीन’चा अर्थ शेत अजून रूपांतराच्या काळात आहे. रासायनिक शेती थांबवल्यावर जमीन लगेच सेंद्रिय ठरत नाही. एनपीओपीत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना पहिल्या काढणीआधी तीन वर्षं हा काळ धरतात. असा तांदूळ घेऊ नये असं नाही. उलट, शेतकऱ्याला सगळ्यात जास्त आधार याच काळात लागतो, कारण उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव मात्र पुरता मिळत नाही. पण पूर्ण ऑरगॅनिकच्या भावाने ‘ग्रीन’ माल घेत असाल तर तो फरक शेतकऱ्याकडे जातोय की दुकानदाराकडे, एवढं विचारावं.

गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ मोठ्या अक्षरात होतं खरं, पण ते ब्रँडच्या नावाचा भाग म्हणून. चिन्ह एकही नाही. मागे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि एक आयएसओ क्रमांक. आयएसओ कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल बोलतं, शेताशी त्याचा संबंध नाही.

गुळाच्या ढेपेवर ‘केमिकल फ्री’. घरच्यांचा सगळा विश्वास तिच्या काळपट रंगावर. पिवळाधमक गूळ बहुतेकदा हायड्रोससारख्या गंधकयुक्त पावडरीने उजळवलेला असतो, त्यामुळे गडद गूळ बरा, हे खरं. पण रंग गुऱ्हाळात ठरतो. उसाला युरिया किती दिला आणि तणनाशक मारलं का, हे ढेपेच्या रंगावरून कळत नाही. हळद पाकिटावरच्या खुणांसकट व्यवस्थित होती.

पाचांत दोन पक्की, एक अर्धी आणि दोन नुसती नावाची. या दोन नावाच्या पाकिटांवर घर दर महिन्याला साडेतीनशे-चारशे रुपये जास्त मोजत होतं.

दुधाची गोष्ट आणखी मजेची. बाटलीवर ‘देशी गाय’, ‘ए२’, ‘फार्म फ्रेश’ असं सगळं होतं. ‘ऑरगॅनिक’ हा शब्दच नव्हता! तो घरच्यांनी मनानेच जोडला होता. ए२ म्हणजे दुधातल्या बीटा-केसिन प्रथिनाचा एक प्रकार. गाईला कुठला चारा घातला, त्यावर काय फवारलं होतं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ए२चे दावे पाकिटांवरून काढा, असं एफएसएसएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं आणि काही दिवसांत ते परत घेतलं, त्यामुळे शब्द बाजारात आहेच. सेंद्रिय दूध म्हणायचं तर चारा आणि पेंडही सेंद्रिय हवी, आणि तसं प्रमाणपत्र असलेलं दूध क्वचितच दिसतं.

तेलात दोन वेगळ्या गोष्टींची तुलना झाली होती. आधी रिफाइंड शेंगदाणा तेल यायचं, नंतर लाकडी घाण्याचं. घाणा ही तेल काढायची पद्धत आहे. दाणे कुठल्या शेतातले, हा प्रश्न तसाच राहतो.

रविवारचा टेम्पो

सगळ्यात अवघड भाग भाजीचा. सोसायटीच्या गेटवर रविवारी सकाळी एक टेम्पो यायचा. ‘कर्जतला स्वतःची शेती, शंभर टक्के ऑरगॅनिक.’ कागद मागितला की उत्तर ठरलेलं: “ताई, डोळे झाकून घ्या. खोटं निघालं तर पैसे परत.”

डोळे उघडे ठेवून टेम्पोतला मालच पाहिला असता तर बरंच कळलं असतं. मे महिन्यात फ्लॉवर, ब्रोकोली, रंगीत ढोबळी, शिवाय सफरचंद. कर्जतच्या उन्हाळ्यात उघड्या शेतात ब्रोकोली येत नाही. ढोबळी पॉलिहाऊसमध्ये येईल, पण मग पॉलिहाऊस कुठे आहे ते सांगता यायला हवं. सफरचंदाचं तर बोलायलाच नको. वर्षभर बावन्न आठवडे वीस-पंचवीस प्रकारची भाजी देणारा माणूस शेतकरी नसून व्यापारी असतो. व्यापारी असण्यात गैर काही नाही, मात्र मग त्याच्याकडे कागद हवेत. इथून वाशीची बाजार समिती दोन-चार स्टेशनांवर आहे आणि पहाटे तिथून टेम्पो भरून सात वाजता सोसायटीच्या दारात उभं राहणं अवघड नाही.

आग्रह केल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर दोन कागद पाठवले. पहिला प्रयोगशाळेचा अहवाल, वांग्याचा, दोन वर्षांपूर्वीचा. दुसरा ‘स्कोप सर्टिफिकेट’, एका वेगळ्याच शेतकरी गटाच्या नावाचा आणि मुदत संपलेला. दोन्ही कागद खरे असतील, पण टेम्पोतल्या भाजीचे नव्हते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सुशिक्षित ग्राहकही याच जागी फसतो. स्कोप सर्टिफिकेट सांगतं की अमुक शेत किंवा गट अमुक पिकांसाठी प्रमाणित आहे. ते वर्षभर चालतं आणि सोबत पिकांची यादी असते. यादीत भात, नाचणी आणि वाल असतील तर त्या कागदावर ढोबळी विकता येत नाही. आणि हा कागद समोरच्या पोत्याबद्दल काहीच बोलत नाही. अमुक इतका माल अमुक व्यापाऱ्याला विकला, हे सांगणारा कागद वेगळा. त्याला ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’ म्हणतात. सुटा माल विकणाऱ्या दुकानदाराकडे हाच मागायचा. स्कोप सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर समाधान मानायचं नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालालाही मर्यादा आहे. त्यात कीटकनाशकांचे अंश सापडतात. युरिया-डीएपीसारखं रासायनिक खत घातलं होतं का, हे त्यातून कळत नाही. अहवाल स्वच्छ आला म्हणून भाजी सेंद्रिय ठरत नाही. त्या नमुन्यात तपासलेली औषधं सापडली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अहवाल हातात आला की पिकाचं नाव, नमुना घेतल्याची तारीख, नमुना कुणी आणून दिला आणि किती औषधांसाठी तपासला, या चार गोष्टी बघाव्यात. ‘नमुना ग्राहकाने दिला’ (प्रयोगशाळेचा ग्राहक, म्हणजे विकणारा) असं लिहिलेलं असेल तर तो कुठून आणला ते देव जाणे.

खऱ्या छोट्या शेतकऱ्याकडे मात्र कागद नसूही शकतो, आणि तो कायदा मोडत नाही. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला मूळ उत्पादक किंवा उत्पादक गट थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणनाची सक्ती नाही. फक्त ‘जैविक भारत’चं चिन्ह वापरता येत नाही. अशा वेळी प्रश्नच कामाला येतात. “औषध मारता का?” हा प्रश्न निरुपयोगी, सगळेच नाही म्हणतात. “वांग्याला शेंडे पोखरणारी अळी लागते, तिचं काय करता?” असं विचारावं. करणारा माणूस लगेच सांगतो: कीड लागलेले शेंडे खुडून नष्ट करतो, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावतो, निंबोळी अर्क किंवा दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क मारतो. न करणारा “आमच्याकडे कीडच येत नाही” म्हणतो. वांग्याला अळी येत नाही असं शिवार महाराष्ट्रात अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि हो, सेंद्रिय शेतीतही फवारणी असते. निमतेल, गंधक, जिवाणू-बुरशीची औषधं, मर्यादेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणसुद्धा चालतं. ‘काहीच मारत नाही’ हा दावा उलट संशय वाढवणारा.

उलट टोकाची चूक याच घरात होत होती. टेम्पोवरचा विश्वास उडाल्यावर आजी स्टेशनजवळ बसणाऱ्या बाईकडून ‘बिनखताची’ पालेभाजी घेऊ लागल्या. रुळालगतच्या जमिनीत पिकलेल्या पालकाला खरंच रासायनिक खत लागत नाही. बऱ्याच ठिकाणी पाणीच नाल्याचं असतं. त्यातून जड धातू आणि जंतू येतात, आणि धातू धुऊन जात नाहीत. पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली, हा प्रश्न खताच्या आधी विचारायचा.

किडे, बोरिक पावडर आणि फ्रीजर

गोदामातल्या साध्या धान्याला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतात. सेंद्रिय धान्याला ती चालत नाही. म्हणून दाण्याच्या आत घातलेली सोंड्याची अंडी जिवंत राहतात आणि नवी मुंबईच्या दमट हवेत महिना-दीड महिन्यात डबा भरून किडे निघतात. किडे होण्याचं कारण साठवणीत आहे. शेतात सगळं मारलेलं धान्यही नीट धुरी न देता ठेवलं तर किडतंच, म्हणून किड्यांवरून धान्य सेंद्रिय असल्याचा निष्कर्ष निघत नाही. आजींचा संशय इथे खरा ठरला.

पण उपाय करताना आजींनीच घोटाळा केला. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी नव्या तांदळाला बोरिक पावडर चोळली. दुप्पट भावाने रसायनमुक्त तांदूळ आणायचा आणि घरी आणून त्याला बोरिक लावायचं! बऱ्याच घरांत हेच चालतं. कुठे पाऱ्याच्या गोळ्या टाकतात. खाण्याच्या धान्यात दोन्ही नकोत.

या घरासाठी ठरलेली पद्धत सोपी आहे. वर्षाची भरणी बंद, एका वेळी सहा आठवड्यांपुरतंच धान्य. डाळी, रवा आणि पीठ आणल्याबरोबर एक-एक किलोच्या घट्ट पिशव्यांत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवायच्या, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतला माल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सहा-सात तास जाऊ द्यायचे, नाहीतर बाहेरची वाफ आत धरते आणि बुरशी लागते. तांदूळ-ज्वारी फ्रीजरमध्ये मावत नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हात पातळ पसरून दोन दिवस वाळवायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट डब्यात भरायचं. तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळलं की पावसाळाभर टिकते. ही आजींचीच जुनी रीत, आणि तिला हरकत काही नाही.

नवी यादी

धान्य आणि डाळी सगळ्या प्रमाणित पाकिटातल्याच, १,१७० रुपये जादा. गूळ आणि मसाले चिन्ह पाहून, २४०. तेल, तूप आणि दूध पूर्वीचंच. दुधाचे वाचलेले सव्वादोन हजार इतर कशावरही लावले तरी जास्त उपयोगी.

भाजी सगळी सेंद्रिय घेण्याचा हट्ट सोडला. पैसे कुठल्या भाजीवर घालायचे ते तिच्या तोडणीवरून ठरवलं. भेंडी, वांगी, मिरची यांची तोडणी एक-दोन दिवसांआड किंवा आठवड्याला चालूच असते. फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये ठेवायचे दिवस पाळायचे तर शेतकऱ्याला मधल्या दोन-तीन तोडण्या सोडाव्या लागतात, आणि तो तोटा कोण सोसणार? म्हणून या भाज्यांत अंश राहण्याचा धोका जास्त. फ्लॉवर, ढोबळी, कोथिंबीर आणि कढीपत्ता त्याच रांगेत. कढीपत्ता लोक विसरतात. तो तर कुंडीत लावावा. उलट लाल भोपळा, दुधी, सुरण, रताळी, कांदा आणि नारळ साधेच घेतले तरी चालतं, कारण एक तर फवारणी कमी किंवा साल काढून टाकतो.

महिन्याच्या चोवीसपैकी नऊ किलो भाजी आता मुरबाडकडच्या एका पीजीएस गटाकडून येते. किलोला सरासरी पन्नास रुपये जास्त, म्हणजे ४५०. सगळा मिळून जादा खर्च ८,६४० वरून १,८६० वर आला.

फळांत प्रमाणित माल मोजका आणि महाग, म्हणून हंगामी साधी फळं. हापूसबद्दल घरात वाद झाला. ‘आढीत पिकवलेला, कार्बाइड नाही’ हे विकणाऱ्याने खरं सांगितलं तरी ते पिकवण्यापुरतं आहे. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दशलक्ष भागांत शंभर भाग) इथिलीन वायू चालतो. पण मोहोरावर तुडतुडे आणि भुरीसाठी झालेल्या फवारण्या, मोहोर यावा म्हणून झाडाला दिलेलं पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन, यांचा आढीशी संबंध नाही. शेवटी पेटी साधीच आली. आंबा धुऊन खायचा, साल चोखायची नाही. यावर मुलगी नाराज आहे.

मासळी यादीत होती ती काढून टाकली. समुद्रात पकडलेल्या सुरमईला कुणी सेंद्रिय प्रमाणपत्र देत नाही. ‘ऑरगॅनिक पापलेट’ असा बोर्ड दिसला तर पुढे चालू लागावं.

पिठाच्या पाकिटाची तक्रार एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या तक्रारींच्या पोर्टलवर करता येते. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बिल आणि बॅच नंबर लागतो. रिकामं पाकीट फेकू नये. जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासन कार्यालय ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे, तिथेही लेखी देता येतं.

या मांडणीतली कच्ची जागा पावसाळा. जूनपासून मुरबाडच्या गटाची शेतं भाताखाली जातात आणि भाजी जवळजवळ थांबते. भेंडी-काकडी पुन्हा सुरू होते ती कापणीनंतर. या महिन्यांत घर दोन गोष्टींवर चालतं. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या बायकांच्या टोपलीतल्या रानभाज्या: शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली. यांना प्रमाणपत्र नसतं, फवारणारंही कुणी नसतं. शेवळं मात्र काकडं (काकड झाडाची आंबट फळं) किंवा चिंच घालूनच शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. दुसरं म्हणजे प्रमाणित मूग, मटकी आणि वालाला मोड आणून उसळी. फ्लॉवर-ढोबळी ऑक्टोबर संपेपर्यंत बंद. अडलंच तर बाजारातला कोबी आणायचा, बाहेरची तीन-चार पानं काढून टाकायची आणि उरलेला वाहत्या पाण्याखाली पान-पान सुटं करून धुवायचा.